मूठ समोरच्याकडे
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



बाईला आवडती साडी विचारा, आवडतं गाणं विचारा. ती जरा विचार करील. पण स्वयंपाकघरातली तिची आवडती सुरी कोणती, असं विचारून पाहा. उत्तर ताबडतोब येतं आणि त्याच्या मागोमाग एक गोष्टही येते.

आमच्या भिशीत एका दुपारी हा विषय निघाला आणि चहा दोनदा गरम करावा लागला. एकजण म्हणाली, "मी बाई विळीशिवाय कशाला हात लावत नाही." दुसरीकडे तिच्या आईची सुरी आहे. घासून घासून पातं बोटभर रुंदीचं उरलंय, पण लसूण सोलायला तिला तीच लागते. तिसरीचा जीव दातेरी पात्याच्या, प्लास्टिकच्या मुठीच्या स्वस्त सुरीवर. "टोमॅटो कापून बघा, मग बोला," असं तिचं आव्हान. चौथीच्या मुलीनं परदेशातून जपानी सांतोकू आणलीय. सांतोकू म्हणजे 'तीन गुण' : मांस, मासे आणि भाजी, तिन्हीला चालणारी. ही बाई शुद्ध शाकाहारी, त्यामुळे सुरीचे दोन गुण वाया जातात म्हणून आम्ही हसलो.

"भाभी, तुमची कुठली?" मला विचारलं. माझी साध्या पोलादाची, काळी पडलेली. लिंबू कापून तशीच ठेवली तर तासाभरात डागाळते. धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवावी लागते. पण धार अशी, की कोथिंबीर चिरताना चेंगरत नाही.

न गंजणाऱ्या सुरीचा इतिहास मोठा मजेदार आहे. इंग्लंडमधल्या शेफील्ड गावात 1913 साली हॅरी ब्रेअर्ली नावाचा माणूस बंदुकीच्या नळीसाठी लवकर न झिजणारं पोलाद शोधत होता. त्यानं पोलादात सुमारे 13 टक्के क्रोमियम घातलं. ते पोलाद आंबट पदार्थांना दाद देत नाही, हे त्याच्या लक्षात आलं. शेफील्ड हे सुऱ्या-कात्र्यांचं गाव. त्याला सुरी सुचली नसती तरच नवल. क्रोमियमचा हवेशी संयोग होऊन पात्यावर डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा धरतो आणि तो गंज अडवतो. शोध बंदुकीसाठी सुरू झाला आणि पोचला काकडीपर्यंत! माणसाच्या हातून अशा चांगल्या गोष्टीही घडतात.

आता धारेविषयी. बोथट सुरी सुरक्षित, असं पुष्कळांना वाटतं. खरं तर ती जास्त घातक. बोथट सुरीवर जोर द्यावा लागतो आणि जोर दिला की ती घसरते, ती थेट बोटावर. कांद्याचंही तेच. कांदा कापला की त्याच्या पेशी फुटतात आणि आतल्या द्रव्यांपासून डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. 2025 साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी कांदा कापताना उडणारे तुषार वेगवान कॅमेऱ्यानं टिपले. बोथट पात्याखाली कांदा आधी दबतो, मग फुटतो आणि रसाचे बारीक थेंब जोरानं वर उडतात. पातं धारदार असेल आणि हात सावकाश चालत असेल, तर थेंब कमी उडतात. म्हणजे रडायचं नसेल तर धार हवी आणि घाई नको.

सायकल स्टँडवर चढवून, पायडल मारत दगड फिरवणारा धारवाला अजून कुठं कुठं येतो. ठिणग्या बघायला पोरं जमतात. पण ठिणग्यांना भुलू नये. पातं तापून निळसर झालं की पोलादाला दिलेलं पाणी उतरलं म्हणून समजावं. मग ती धार चार दिवसांची. मधूनमधून पाण्यानं गार करणारा धारवाला खरा जाणकार. आमच्या मोहल्ल्यात बकरी ईदच्या आधी अशा माणसाकडे रांग लागते. जनावराला हाल होऊ नयेत म्हणून सुरी धारदार असावी आणि धार त्याच्या नजरेसमोर लावू नये, अशी आमच्या धर्माची शिकवण आहे. धार आणि दया या दोन गोष्टी विरुद्ध नाहीत, हे मी लहानपणी असं शिकले.

आमच्या विळीवाल्या मैत्रिणीचं म्हणणं मात्र वेगळंच होतं. विळीचं पातं जागेवर स्थिर, हलते ती भाजी. पाट पायाखाली दाबला की दोन्ही हात मोकळे. कोकण-गोव्यात तिला आदोळी म्हणतात, बंगालात बोटी. हिच्यासाठी जमिनीवर बसावं लागतं, म्हणून शेजारीण येऊन समोर बसू शकते. एकीनं शेंगा निवडायच्या, दुसरीनं चिरायचं. ओटा आला, आपण उभ्या राहिलो आणि आपलं तोंड भिंतीकडे झालं. "कंबर सुटली, पण गप्पा गेल्या," असं ती म्हणाली. मला ते पटलं. गुडघे दुखणाऱ्या बाईला पुन्हा खाली बसवावं, असं मी म्हणणार नाही. पण भाजी टेबलावर घेऊन समोरासमोर तर बसता येईल?

या गप्पांची किंमत मला एकदा चांगलीच कळली. आमच्या भागात वातावरण तंग झालं होतं. वर्तमानपत्रात दोन दिवस 'सुरा' आणि 'चाकू' हेच शब्द. त्या आठवड्यात भिशी माझ्याकडे. सगळ्या आल्या, पण बोलणं पुढं सरकेना. मुलांच्या परीक्षा झाल्या, ऊन झालं, मग सगळ्या गप्प. तेवढ्यात विळीवाली म्हणाली, "भाभी, ती तुमची काळी सुरी आणा बघू. नुसतं कौतुकच ऐकतोय." मी आत गेले. सुरी उचलताना हात क्षणभर थबकला, खोटं कशाला सांगू? बाहेर येऊन मी ती तिच्या हातात दिली : मूठ तिच्याकडे, पातं माझ्याकडे. तिनं अंगठ्यानं धार पाहिली, म्हणाली, "हिला दगड दाखवायला झालाय." मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. जे दोन दिवस मनात होतं तेही बोललो. दोघी रडल्या, आणि समोर कांदा नव्हता.

'सुरी' हा शब्द संस्कृत 'क्षुरिके'पासून आला, 'चाकू' फारसीच्या वाटेनं आला. मराठीच्या एकाच खणात दोघे कधीपासून शेजारी पडलेत आणि कुणी कुणाला कापलेलं नाही. तुमच्या घरातली सुरी या आठवड्यात धारेला द्या. परत आणाल तेव्हा पाव किलो भाजी जास्त घ्या आणि बरेच दिवस जिच्याशी बोलणं झालं नाही अशा कुणाला तरी निवडायला बोलवा. सुरी पुढं करताना फक्त मूठ तिच्याकडे असू द्या. बोलतानाही तेवढंच सांभाळलं, तरी पुष्कळ झालं.