आपला कागद आपण आखावा
(जबलपूर येथील ओमती भागात मराठी वाचकांपुढे दिलेले भाषण)



दुकानात मिळणारा आलेख-कागद आपण सर्वांनी शाळेत वापरला आहे. त्यावरील रेघा सारख्या अंतरावर असतात आणि त्या तशाच असावयाच्या, असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः रेघांमधील अंतर विषयावरून ठरले पाहिजे. मराठीत ‘आखणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत: रेघा काढणे आणि योजना करणे. आलेख-कागदाच्या बाबतीत ही दोन्ही कामे एकच होत. ती सामान्य वाचकाला घरबसल्या साधतील काय, एवढाच प्रश्न आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

उदाहरण आपल्या दाराशीच आहे. अलाहाबादकडून आणि मुंबईकडून येणारे लोहमार्ग १८७० साली याच जबलपुरात एकमेकांस मिळाले. येथून इटारसीकडे जाणारा मार्ग घेऊ. रेल्वेगाड्यांची आखणी आलेखावर करण्याची पद्धत जुनी आहे. एत्येन-झ्यूल मारे या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाच्या १८८५ सालच्या ग्रंथात पॅरिस-लिऑन मार्गाचा असा आलेख आहे. आडवी दिशा वेळेची, उभी दिशा अंतराची. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरपी रेघ. रेघ जितकी खडी तितका वेग अधिक. गाडी थांबली की रेघ आडवी होते. विरुद्ध दिशांच्या दोन रेघा जेथे छेदतात, तेथे त्या गाड्यांची गाठ पडते. मार्ग एकेरी असेल तर हा छेद गाड्यांना बाजू देता येईल अशा स्थानकाच्या रेघेवरच पडावयास हवा. मध्येच पडला तर दोन गाड्या एकाच रुळावर समोरासमोर आल्या असा त्याचा अर्थ होतो. स्थानकाची रेघ अचूक जागी असणे ही केवळ टापटिपीची बाब नव्हे, हे यावरून ध्यानात येईल.

परंतु स्थानके सारख्या अंतरावर नसतात. जबलपूरपासून नरसिंहपूर सुमारे ८४, पिपरिया सुमारे १७८ आणि इटारसी सुमारे २४५ किलोमीटर आहे. किलोमीटरला एक मिलिमीटर हे प्रमाण धरले, तर २९७ मिलिमीटर उंचीच्या ए-४ कागदावर सारा मार्ग बसतो आणि वरखाली मिळून ५२ मिलिमीटर जागा उरते. कागदाच्या २१० मिलिमीटर रुंदीपैकी १८० वेळेसाठी घेऊ. त्यांत पूर्ण दिवस कोंबला तर तासाला अवघे साडेसात मिलिमीटर मिळतात आणि ताशी ६० किलोमीटर धावणाऱ्या गाडीची रेघ खांबासारखी उभी राहते. म्हणून एका कागदावर सहाच तास घ्यावेत. तासाला ३० मिलिमीटर, पाच मिनिटांना अडीच. असे चार कागद शेजारी ठेवले की दिवस पुरा होतो.

खिळ्यांच्या छापखान्यात अशा रेघांसाठी पितळी पट्ट्या बसवीत. छेदाच्या जागी सांधे दिसत, आणि एकाच प्रतीसाठी एवढा खटाटोप परवडत नसे. ही अडचण संगणकावरील अक्षरजुळणीने दूर केली. स्वतःच्या ग्रंथाची मुद्रिते पाहून असमाधानी झालेले अमेरिकन गणिती डोनाल्ड क्नुथ यांनी १९७७ साली ‘टेक’ या प्रणालीचे काम हाती घेतले आणि ती सर्वांना विनामूल्य उपलब्ध करून दिली. तिचे सर्वांत लहान माप दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही लहान आहे. पुढे टिल टांटाउ यांनी तिच्यात आकृत्या काढण्यासाठी ‘टिक्झ’ हा संच रचला. जोनाथन क्यू यांच्या २००४ सालच्या ‘झीटेक’मुळे स्थानकांची नावे देवनागरीतही छापता येतात.

संगणकाला द्यावयाची आज्ञा साधी असते. ० ते ७२ पर्यंतच्या प्रत्येक अंकासाठी, डाव्या कडेपासून त्या अंकाच्या अडीचपट मिलिमीटरांवर, २४५ मिलिमीटर उंचीची बारीक रेघ काढ. या एका वाक्याने ७३ रेघा उमटतात. दुसऱ्या वाक्याने तासांच्या सात रेघा ठळक होतात. तिसऱ्यात स्थानकांची नावे व अंतरे यांची यादी असते. मार्ग बदलला की ही यादी आणि रेघांची उंची तेवढी बदलावी.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. पहिले असे की, प्रत्येक रेघेची जागा आरंभबिंदूपासून मोजावी, आधीच्या रेघेपासून नव्हे. इंचाला ६०० ठिपके छापणाऱ्या यंत्रात एक मिलिमीटर म्हणजे सुमारे २३.६ ठिपके होतात. ते २४ धरून कोणी मागील रेघेत मिळवीत गेला, तर १८० मिलिमीटरांच्या अखेरीस जवळजवळ तीन मिलिमीटरांची चूक साचते. दुसरे पथ्य छपाईचे. ‘पानात बसवा’ हा पर्याय कागदावरील सारी मापे मुकाट्याने बदलतो. म्हणून मूळ आकाराचा, म्हणजे शंभर टक्क्यांचा, पर्याय निवडावा. समासात १०० मिलिमीटरांची एक रेघ छापून ती पट्टीने मोजावी. ती बरोबर भरली तरच कागद वापरात घ्यावा.

ज्या ग्रंथालयात संगणक व छपाईयंत्र आहे, तेथे हे काम आजही होऊ शकते. शाळेतील मुलांना पर्जन्यमानाचा, नदीच्या पातळीचा किंवा गाड्यांचा आलेख काढावयास सांगताना आधी कागद आखावयास सांगावा. कोणते माप घ्यावे आणि का, हा विचार त्यांना तेव्हा करावाच लागेल.