मुलांना तासभर अंगण द्या



मी रेल्वेतला डिप्लोमा इंजिनिअर, बालरोगतज्ज्ञ नव्हे. पण माप ठरले की काम सोपे होते, हे जाणतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ते माप दिले आहे: तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात किमान १८० मिनिटे हालचाल करावी, त्यातली ६० मिनिटे चांगल्या धावपळीची. टीव्ही-मोबाईल तासाभरापेक्षा जास्त नको.

धावण्या-उड्या मारण्याने हाडे बळकट होतात, तोल सांभाळता येतो, झोप चांगली लागते. उघड्यावर खेळणाऱ्या मुलांना लांबचे कमी दिसण्याचा धोकाही कमी असतो.

खर्च काहीच नाही. चिमुकल्यांना चेंडू आणि माती पुरे. मोठेपणी आपली लगोरी आहे, तीच इथली पिट्ठुल. आपला भोवरा तो इथला भौंरा. फुगडी दोन्हीकडे फुगडीच! २०२२ मध्ये सुरू झालेल्या छत्तीसगढिया ऑलिम्पिकमध्ये हे तिन्ही खेळ होते.

अडचण फक्त जागेची आहे. अंगणे गाड्यांनी अडवली आहेत. म्हणून सूचना करतो: मंडप उतरल्यावर ही जागा रोज संध्याकाळी तासभर मुलांसाठी मोकळी ठेवावी. आजी-आजोबांनी लक्ष ठेवावे. माझी स्कूटर मी उद्यापासून बाहेर लावीन.