घशांत अडणारा घास : पुरुषांचा आणि स्त्रियांचा



जेवतांना घास घशाखालीं उतरत नाहीं, छातीच्या मध्यभागीं कोठें तरी अडल्यासारखा वाटतो, ही तक्रार आपल्या आप्तेष्टांत आपण कधीं ना कधीं ऐकलेली असते. आणि "हळू जेव, नीट चावून खा" एवढ्या उपदेशावर ती बहुधा मिटते. परंतु हीच तक्रार महिनोन् महिने पुनःपुन्हा होत असेल, तर तिच्यामागें एक चिवट रोग असूं शकतो. त्या रोगाचें वर्तन पुरुषांत व स्त्रियांत सारखें नाहीं, आणि हा भेद नीट न उमगल्यास दोघांचेंही नुकसान होतें, एवढेंच आज सांगावयाचें आहे. मी डॉक्टर नव्हे; जन्मभर शाळेंत शिकविलें. तेव्हां जाणत्यांनीं लिहून ठेविलेलें उलगडून सांगावें, इतकाच माझा अधिकार.

रोगाचें नांव जरा जड आहे : इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस. ह्यांतील दुसऱ्या शब्दाचा अर्थ अन्ननलिकेचा दाह. पहिला शब्द प्रयोगशाळेंतला. रक्तांतील पांढऱ्या पेशींचा एक प्रकार इओसिन नांवाच्या तांबूस रंगानें चटकन् रंगतो. म्हणून त्या पेशींस इओसिनोफिल हें नांव पडलें. पाउल एर्लिख ह्या जर्मन शास्त्रज्ञानें १८७९ सालीं त्यांचें वर्णन केलें. निरोगी माणसाच्या आंतड्यांत ह्या पेशी असतात; अन्ननलिकेच्या अस्तरांत मात्र त्या नसतात. ज्या माणसास दूध, गहूं, अंडीं ह्यांसारख्या नेहमींच्या अन्नाचेंच वावडें असतें, त्याच्या अन्ननलिकेंत त्या गोळा होऊं लागतात. सूक्ष्मदर्शकाच्या एका क्षेत्रांत १५ किंवा अधिक दिसल्या, कीं डॉक्टरांस ह्या रोगाची शंका बळावते. दाह वर्षानुवर्षें चालला म्हणजे मऊ नळी हळूहळू ताठर आणि अरुंद होते.

वैद्यकाच्या इतिहासांत हा रोग अगदीं नवा. १९९३ सालीं अ‍ॅटवुड व त्यांचे सहकारी ह्यांनीं १२ रुग्णांच्या आधारें तो स्वतंत्र रोग म्हणून मांडला. १९९४ सालीं स्वित्झर्लंडमध्यें श्ट्राउमान ह्यांनीं तसेंच वर्णन प्रसिद्ध केलें. तोंपर्यंत असे रुग्ण आम्लपित्ताच्या सदरांत जमा होत असत.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. ह्या रोगाच्या चार रुग्णांत सुमारें तीन पुरुष असतात, आणि लहान मुलांतही मुलगेच अधिक. असें कां व्हावें? दोन दिशांनीं शोध चालू आहे. पहिली दिशा आनुवंशिकतेची. आपल्या पाचव्या गुणसूत्रावरील एका जीनपासून शरीरास अ‍ॅलर्जीची वर्दी देणारें एक द्रव्य तयार होतें. ती वर्दी स्वीकारणाऱ्या घटकाचा जीन मात्र एक्स आणि वाय ह्या, स्त्री-पुरुष ठरविणाऱ्या गुणसूत्रांवर असतो. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन संशोधनांत ह्या दुसऱ्या जीनमधील एका फेरफाराचा रोगाशीं संबंध आढळला, आणि तोही केवळ पुरुष रुग्णांत. दुसरी दिशा अंतःस्रावांची. ईस्ट्रोजेन हा स्त्रियांत अधिक असणारा स्राव अन्ननलिकेच्या अस्तराचें कांहींसें रक्षण करीत असावा, असें प्रयोगशाळेंत वाढविलेल्या पेशींवरून दिसतें.

लक्षणांतही भेद आहे. पुरुषांत घास अडणें, क्वचित् तो इतका पक्का अडणें कीं रुग्णालयांत नेऊन काढावा लागावा, हा प्रकार अधिक. स्त्रियांत छातींत जळजळ आणि छातींत दुखणें ह्या तक्रारी तुलनेनें अधिक आढळतात.

येथेंच खरी मेख आहे. पुरुष आपल्या अडचणीशीं तडजोड करतो. तो घास लहान करतो, प्रत्येक घासामागें पाणी पितो, कोरडी भाकरी किंवा मटण टाळतो, आणि "मला कांहीं होत नाहीं" म्हणतो. ह्या तडजोडीची किंमत स्विस डॉक्टरांनीं २०१३ सालीं मोजून दाखविली आहे. पहिल्या लक्षणापासून दोन वर्षांच्या आंत ज्यांचें निदान झालें, त्यांपैकीं शेंकडा सुमारें १७ जणांची अन्ननलिका आंकुंचित झाली होती. २० वर्षांहून अधिक उशीर झालेल्यांत तेंच प्रमाण शेंकडा सुमारें ७१ वर गेलें होतें.

स्त्रीची गोष्ट उलट. तिची जळजळ म्हणजे पित्त, असें घरांत ठरून जातें. त्यांत भर ही, कीं पुष्कळ घरांत गृहिणी अजूनही सर्वांमागून जेवते. तिचा घास अडला, तर पाहणार कोण? आणि 'हा पुरुषांचा रोग' अशी समजूत एकदां रूढ झाली, कीं तपासणीचा विचारही मागें पडतो. पण साधें अंकगणित पाहा. चारांतील तीन पुरुष, तर चौथी स्त्री आहेच! प्रमाण समुदायाचें असतें. समोर बसलेला रोगी एकटाच असतो.

निदानासाठीं दुर्बिणीनें अन्ननलिका पाहावी लागते. आणि ती वरवर निर्दोष दिसली तरी अस्तराचे लहान तुकडे काढून तपासणें अवश्य असतें. उपायही आहेत. आम्ल कमी करणाऱ्या औषधानें सुमारें निम्म्या रुग्णांचा दाह ओसरतो. गिळावयाचीं स्टेरॉइड औषधें आहेत. दूध, गहूं इत्यादि पदार्थ क्रमानें वर्ज्य करून दोषी अन्न शोधतां येतें, मात्र तें तज्ज्ञांच्या देखरेखीखालींच. २०२२ सालीं अमेरिकेंत ड्युपिल्युमॅब ह्या इंजेक्शनासही मान्यता मिळाली. नळी अरुंदच झाली असेल, तर ती सावकाश रुंदावतात.

श्रोत्यांस विनंति एवढीच. घरांत कोणी सर्वांच्या शेवटीं ताटावरून उठत असेल, घासागणिक पाणी पीत असेल, कांहीं पदार्थ मुकाट्यानें टाळीत असेल, अथवा पित्ताचें औषध वर्षानुवर्षें घेऊनही जळजळ राहत असेल, तर तो पुरुष आहे कीं स्त्री हें न पाहतां डॉक्टरांस दाखवा. जेवणाच्या त्या संवयीही त्यांस आवर्जून सांगा. रोगी स्वतः त्या सांगत नाहीं, कारण त्याच्या त्या अंगवळणीं पडलेल्या असतात. घास अडून लाळही गिळवेनाशी झाली, तर केळें किंवा भाताचा गोळा देऊन तो खालीं ढकलण्याच्या भरीस न पडतां थेट रुग्णालय गांठा.

अन्न सुखानें घशाखालीं उतरणें हें आरोग्याचें अगदीं साधें लक्षण. तें घरांतील प्रत्येकाचें नीट उतरतें कीं नाहीं, इकडे आज रात्रीं पंक्तीला बसतांना जरूर लक्ष द्या.