टेस्टर गप्प आहे म्हणून लाईन बंद आहे असे नव्हे
(कार्यकर्ता प्रशिक्षण शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेवर आजच्या विषयाचे नाव ‘विद्युत सुरक्षा’ असे भारदस्त छापले आहे. आम्ही मात्र एका लहानशा वस्तूबद्दलच बोलणार आहोत. खिशाला पेनासारखा अडकवायचा टेस्टर. तारेला टेकवायचा नाही, नुसता जवळ न्यायचा. दिवा लागतो आणि पीं-पीं वाजतो. अलीकडे त्याच्याच अंगात तापमान दाखवणारे इन्फ्रारेड थर्मामीटरही बसवलेले मिळते. शेडमध्ये, यार्डात, पोस्टाच्या इमारतीत, सगळीकडे तो दिसू लागला आहे. बऱ्याच जणांनी तो स्वतःच्या पगारातून घेतला आहे, हेही येथे नमूद करून ठेवतो.

वस्तू वाईट नाही. आमचे भांडण त्या वस्तूशी नसून ‘टेस्टर वाजला नाही ना? मग घाल हात’ या हुकुमाशी आहे.

हा टेस्टर काय ओळखतो ते आधी समजून घेऊ. चालू ए.सी. तारेभोवती सतत उलटसुलट होणारे विद्युत क्षेत्र असते. टेस्टरचे टोक, तो धरणारा हात, आपले शरीर आणि खालची जमीन मिळून त्याचे सर्किट पुरे होते. म्हणजे आपण स्वतः त्या यंत्राचा एक भाग असतो. लाकडी शिडीवर किंवा जाड रबरी चटईवर उभे असलो तर हा दुवा कच्चा होतो आणि टेस्टर गप्प राहू शकतो. तार लोखंडी पाइपातून गेली असेल, केबल आर्मर्ड असेल, बोर्डाला अर्थ केलेले पत्र्याचे झाकण असेल, तर क्षेत्र बाहेरच येत नाही. तार चालू, टेस्टर गप्प. सेल उतरला असेल तरीही गप्प. गप्प बसण्याची इतकी कारणे आहेत आणि ‘लाईन बंद’ हे त्यांतले फक्त एक आहे.

आता आपल्या रेल्वेवाल्यांसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हा टेस्टर डी.सी. ओळखत नाही. आणि रेल्वेत तर जागोजागी डी.सी. आहे! जुन्या पद्धतीच्या डब्यांत दिवे-पंखे ११० व्होल्ट डी.सी.वर चालतात. सिग्नलचे रिले बॅटरीवर, अनेक पॉइंट मशीन ११० व्होल्ट डी.सी.वर, टेलिफोन एक्स्चेंज ४८ व्होल्टवर. मुंबईच्या लोकल तर १९२५ पासून १५०० व्होल्ट डी.सी.वर धावत होत्या; २५ हजार व्होल्ट ए.सी.चा बदल २०१६ साली हार्बरवर पुरा झाला. एल.एच.बी. डब्यांची तऱ्हा आणखी निराळी, तिथे ७५० व्होल्ट ए.सी.चा फीडर. एकाच यार्डात, एकाच पाळीत, एकच माणूस हे सगळे हाताळतो.

आमच्यातल्या एका साथीचा अनुभव सांगतो. जागेचे नाव घेत नाही. डब्याखालच्या बॅटरी बॉक्सचे काम होते. फ्यूज काढलेला नव्हता. नवा टेस्टर जवळ नेला, वाजला नाही. पाना टर्मिनलला लागला आणि दुसरे टोक शेजारच्या पट्टीला टेकले. पान्याचे टोक वितळले, हात मनगटापर्यंत भाजला. चौकशीत ‘कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा’ असा शेरा आला. त्याने टेस्टर लावला होता की हो! हा टेस्टर डी.सी.ला वाजत नाही, हे त्याला कोणीही सांगितले नव्हते. माहितीपत्रक इंग्रजीत होते आणि तेही स्टोअरच्या खोक्यात पडून होते.

याची उलटी बाजूही आहे. शेजारून चालू तार जात असेल तर बंद तारेवरही टेस्टर वाजतो. पंचवीस हजारांच्या ओ.एच.ई.खाली तो कारण नसताना वाजेल. चार वेळा उगाच वाजला की माणूस म्हणतो, ‘हा वाजतोच’, आणि पाचव्यांदा खरा वाजतो तेव्हा लक्ष देत नाही. ओ.एच.ई.पाशी हा टेस्टर काढायचाच नाही, हे इथे स्पष्ट सांगतो. तो फार तर १००० व्होल्टपर्यंतचा असतो. ओ.एच.ई.च्या चालू भागापासून २ मीटरच्या आत जायचे तर पॉवर ब्लॉक, लेखी परमिट आणि कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग. यातले काहीही पेनाने भागत नाही. सप्लाय बंद केल्यावरही शेजारच्या चालू रुळावरच्या लाईनमुळे बंद तारेत दाब चढतो. अर्थिंग त्यासाठीच असते.

मग हा टेस्टर कशासाठी? बोर्डाजवळ जाताना पहिली सूचना मिळावी म्हणून. न्यूट्रल तुटून त्यात फेज आली आहे, पंख्याचा स्विच चुकून न्यूट्रलला बसवला आहे, अशा गोष्टी तो चटकन दाखवतो. वापरण्याची रीत एकच. आधी नक्की चालू असलेल्या जागी वाजवून पाहायचा, मग कामाच्या तारेवर, मग पुन्हा त्या चालू जागी. तिसरी पायरी लोक गाळतात. पण मधेच सेल गेला तर ते तिथेच कळते. आणि हात घालण्यापूर्वी दोन टोकांच्या टेस्टरने किंवा मीटरने फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, फेज-फेज अशी प्रत्यक्ष टेकवून तपासणी. डी.सी. असेल तर मीटर डी.सी.वर लावून.

पोस्टातले साथी म्हणतील, आमच्याकडे कुठे आहे ओ.एच.ई.? खरे आहे. पण भाड्याच्या जुन्या इमारतीतले पोस्ट डोळ्यासमोर आणा. मेन स्विच खाली केला, पंखे थांबले, आणि काउंटरवरचे संगणक चालूच! म्हणजे यू.पी.एस.ची लाईन जिवंत आहे. तिच्या बॅटऱ्या पुन्हा डी.सी. मेन बंद केला म्हणजे सगळे बंद झाले, असे तिथे समजू नका. आणि सॉर्टिंगच्या माणसाला ‘जरा बघ रे फ्यूज’ म्हणून स्टुलावर चढवले जाते, ते आधी थांबले पाहिजे.

आता थर्मामीटरकडे येऊ. २०२० साली साथीच्या काळात कपाळासमोर धरायची जी पिस्तुले आली, ती वेगळी. ती शरीराच्या तापमानापुरतीच असतात, बोर्डासाठी वापरू नका. औद्योगिक थर्मामीटर वस्तूच्या पृष्ठभागातून निघणारी उष्णतेची किरणे मोजते. रबर, पीव्हीसी, रंगवलेले लोखंड यांचा आकडा बराचसा खरा असतो. घासलेले तांबे किंवा ॲल्युमिनियम मात्र फसवते. शंभर अंशांवर तापलेला चकचकीत लग चाळिसाच्या आसपास दिसू शकतो! म्हणून लगवर नव्हे, त्याला लागून असलेल्या तारेच्या इन्शुलेशनवर नेम धरायचा. काचेतून मोजले तर काचेचेच तापमान मिळते. लाल ठिपका फक्त नेमासाठी आहे. तो कोणाच्या डोळ्यावर मारू नये, चकचकीत पत्र्यावरून उलटून येतो हेही ध्यानात ठेवावे.

त्या ठिपक्याएवढीच जागा मोजली जाते असेही नाही. यंत्रावर १२:१ लिहिले असेल तर १२० सेंटिमीटरवरून १० सेंटिमीटरच्या वर्तुळाची सरासरी मिळते. पेनातल्या काही थर्मामीटरचे प्रमाण ४:१ इतकेच असते. अडीच सेंटिमीटरचा फ्यूज मोजायचा तर दहा सेंटिमीटरवर जावे लागते, तेही झाकण उघडलेल्या चालू बोर्डात. न टेकवता मोजायचे यंत्र म्हणून दिले, आणि हात नेला चालू पट्टीपाशी! अशा कामाला लांबून मोजणारे यंत्रच हवे; नसेल तर सप्लाय बंद करून, खात्री करून, जोड गरम आहे तोवर मोजावे. आकडा थोडा उतरलेला मिळेल, तेवढा चालवून घ्यावा.

लोडही लिहून ठेवा. करंट अर्धा झाला की जोडातली उष्णता पाव होते. सकाळी पंखे बंद असताना ‘सर्व ठीक’ लिहिलेला बोर्ड दुपारी जळू शकतो. तिन्ही फेज एकाच वेळी मोजून ताडून पाहा. डब्याच्या ॲक्सल बॉक्सचेही तसेच; एकाच डब्यातले सगळे, एकाच जागेवर नेम धरून. एक जण इतरांपेक्षा वेगळा दिसला तर सुपरवायझरला कळवा आणि रजिस्टरमध्ये वेळेसह नोंद करा.

शाखांनी सेफ्टी कमिटीच्या बैठकीत पुढील मुद्दे लेखी मांडावेत. टेस्टर आणि सेल प्रशासनाने द्यावेत. त्यावर कॅट-३ किंवा जागेनुसार कॅट-४ असे छापलेले असावे; रस्त्यावरचा बिनछापाचा माल नको. प्रत्येक टोळीला दोन टोकांचा टेस्टर, स्विचला लावायचे कुलूप आणि त्याची किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात. माहितीपत्रक कामगाराच्या भाषेत. हे सर्व कंत्राटी कामगारांनाही मिळालेच पाहिजे; आज बोर्डात पहिला हात बहुतेक ठिकाणी त्यांचाच जातो. ‘टेस्टर वाजत नाही, चढ’ असा तोंडी हुकूम आला तर परमिट लेखी मागावे, आणि मागणाऱ्या साथीच्या मागे शाखेने त्याच दिवशी उभे राहावे.

जेवणानंतर मागच्या शेडमध्ये एक ११० व्होल्टची बॅटरी बँक ठेवली आहे. सगळे फ्यूज काढलेले आहेत, टर्मिनलवर झाकणे आहेत. ज्यांनी आपले टेस्टर आणले आहेत त्यांनी ते बाहेरून जवळ नेऊन पाहावेत, मग शेजारी आम्ही मीटर लावून दाखवू. घड्याळ आणि अंगठ्या काढून या.