पाइपलाइनच्या कडेनं सायकल

आम्ही मुंबईतल्या ट्रॉम्बेच्या बचतगटातल्या बायका. जुनी माणसं आमच्या गावाला तुर्भे म्हणतात, पण खाडीपलीकडं नवी मुंबईत दुसरं तुर्भे आहे, म्हणून घोटाळा नको, ट्रॉम्बेच म्हणू. आमच्या एका बाजूला खाडी, कोळीवाडा आणि होड्यांचा धक्का. दुसऱ्या बाजूला डोंगर. डोंगर चांगला हिरवागार आहे, पण 1954 पासून तिथं अणुसंशोधनाचं काम चालतं, त्यामुळं आम्ही तो खालूनच बघतो.

आज सायकलीविषयी बोलायचं आहे. चाळिशी ओलांडल्यावर आम्ही सायकल शिकलो, त्याविषयी आणि ज्या वाटेवर ती चालवली त्या वाटेविषयी. वाटेची गोष्ट जरा अवघड आहे, ती मागाहून सांगतो.

गटातून कर्ज काढून आम्ही दोन जुन्या सायकली घेतल्या. जाड टायरच्या, गिअरच्या, पोरं डोंगरात नेतात तसल्या. घरी ऐकून घ्यावं लागलं. "या वयात हातपाय मोडून घेशील," हे तर प्रत्येकीनं ऐकलं. पण शिलाई मशीनला कर्ज चालतं, पिठाच्या गिरणीला चालतं, मग सायकलीला का नको? हप्ता ठरला, पाळ्या ठरल्या आणि रोज पहाटे साडेपाचला मैदानात जायचं ठरलं. तेवढ्या पहाटे बघायला कोणी नसतं, हे खरं कारण.

शिकायची एक सोपी रीत आहे, ती लिहून घ्या. दोन्ही पायडल पान्यानं काढून ठेवायचे. डाव्या पायडलचा आटा उलटा असतो, तेवढं लक्षात ठेवा. सीट इतकी खाली घ्यायची की बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला टेकतील. मग हलक्या उतारावर पायांनीच ढकलत जायचं. कोणी मागं धरायचं नाही. दोन-चार दिवसांत पाय आपोआप उचलले जातात, कारण तोल सांभाळायला कंबर शिकते. मग पायडल लावायचे. साडीचं काय, हा प्रश्न आलाच. आमच्या कोळीवाड्यातल्या मावशी कासोट्याचं लुगडं नेसतात. त्या म्हणाल्या, "आमचं लुगडं तर सायकलीसाठीच केलंय गं!" आणि सगळ्यांत आधी त्याच शिकल्या. बाकीच्यांनी पंजाबी ड्रेस घातला आणि ओढणीची दोन्ही टोकं कमरेला गच्च बांधली. चाकात ओढणी अडकून माणूस पडतं, ही थट्टेची गोष्ट नाही.

पहिला चढ चढलो तो बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात. मानखुर्दहून हार्बरची गाडी, कुर्ल्याला बदल, दादरला बदल. उद्यानाच्या दारापाशी सायकली भाड्यानं मिळतात. तिथून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटर झाडीतला रस्ता, आणि शेवटी चढ असा की पायांत गोळे यावेत. निम्म्याजणी उतरून हातात सायकल धरून चालल्या. चालण्यात कमीपणा काही नाही. पण गिअरचं गणित तिथं कळलं: पुढचं दातेरी चाक लहान आणि मागचं मोठं केलं की पाय हलका चालतो. फक्त गिअर चढाच्या आधी बदलायचा, चढात ताण आल्यावर नाही, नाहीतर चेन उतरते आणि आपणही.

उतार चढापेक्षा अवघड. पुढचा ब्रेक एकदम दाबला की माणूस हँडलवरून पुढं जातं. दोन्ही ब्रेक थोडे दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे. खडबडीत जागी दोन्ही पायडल एका पातळीत ठेवायचे, बूड सीटवरून जरासं उचलायचं आणि चाकाखाली न बघता दहा-पंधरा पावलं पुढं बघायचं. ओल्या पाल्यावर तर ब्रेकला हातच लावू नये, वेग आधीच कमी करून जावं. ज्या सायकलीवर बसायचं तिचे ब्रेक आधी दाबून बघायचे, ती घरची असो की भाड्याची. लेण्यांत पोचल्यावर आम्ही आधी पाणी बघितलं. तिथं कातळात खोदलेली टाकी आहेत, त्यांना जुन्या शिलालेखांत पोढी म्हटलंय. डोंगरावर पडलेला पाऊस भिक्षूंनी खोदलेल्या पन्हळींतून टाक्यांत साठवला. वर शंभरावर लेणी आहेत, पण पाणी भरणाऱ्या बाईची नजर टाक्यावरच जाते.

आता वाटेची गोष्ट.

मुंबईला पाणी येतं ते लांबून. तानसा धरण 1892 चं, शहापूर तालुक्यातलं. ऐकणाऱ्यांत कोणी त्या बाजूच्या असतील तर त्यांना ठाऊक आहे की उन्हाळ्यात त्याच शहापूरच्या पाड्यांवर टँकर येतात. तिथून माणसापेक्षा उंच लोखंडी नळ मुलुंड, भांडुप, घाटकोपर करत शहरात शिरतात. या नळांना लागून हजारो घरं होती. नळांच्या सुरक्षिततेसाठी दोन्ही बाजूंची दहा-दहा मीटर जागा मोकळी करा, असा आदेश उच्च न्यायालयानं 2009 साली दिला. घरं पाडली गेली. मोकळी झालेली पट्टी पुन्हा भरू नये म्हणून तिथं सायकलीची वाट करायची योजना महापालिकेनं आखली. मुलुंडपासून शीव-धारावीपर्यंत आणि घाटकोपरहून सहारपर्यंत, मिळून सुमारे 39 किलोमीटर. काम तुकड्या-तुकड्यांनी होत राहिलं.

आम्हाला हे कळलं तेव्हा आनंदच झाला. गाड्या नाहीत, हॉर्न नाहीत. एकीच्या मालकाचा मासळीचा टेम्पो आहे, त्यात सायकली घालून मुलुंडला जायचं ठरलं. तेव्हा आमच्यातली एक ताई म्हणाली, "मी येणार नाही. माझ्या मोरीवरून तुम्ही सायकल चालवणार का?"

आम्ही गप्प झालो. ती माहुलची. माहुल आमच्या शेजारीच, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या कुंपणाला लागून. ती तिथं भांडुपहून आलेली, एवढंच आम्हाला माहीत होतं. का आली, हे एवढ्या वर्षांत एकीनंही विचारलं नव्हतं. नळालगतच्या अनेक कुटुंबांना माहुलच्या इमारतींत घरं दिली गेली. तिथली हवा आरोग्याला धोक्याची आहे, हे राष्ट्रीय हरित लवादानं 2015 मध्येच नोंदवलं होतं. माणसं तरी तिथं आली. खोकला, त्वचेचे आजार, लांब पडलेल्या शाळा, सुटलेली घरकामं. रहिवासी बायका-पुरुष रस्त्यावर बसले, कोर्टात गेले. 2019 मध्ये उच्च न्यायालयानं सांगितलं की राहायला दुसरी जागा देता येत नसेल तर महिन्याला 15,000 रुपये भाडं द्या, आणि पुढं नव्यानं कोणाला तिथं पाठवू नका. आमच्या ताईचं घर मात्र अजून माहुललाच आहे.

गटात भांडण झालं. एकजण म्हणाली, घर पडलं ते पडलं, आपण चालवली नाही म्हणून परत येणार आहे का? दुसरी म्हणाली, मग आपण तिच्या डोळ्यांसमोर मजा मारायची? दोघींचंही खरं होतं. तीन रविवार सायकली बाहेर निघाल्या नाहीत.

मिटवलं ते चीता कॅम्पच्या खालांनी. त्या सत्तरीच्या, सायकल चालवत नाहीत, फक्त हिशेबाच्या वहीवर सही करतात. चीता कॅम्प ही वस्तीच 1976 साली, आणीबाणीत, जनता कॉलनी हलवून वसवलेली. खाला ताईला म्हणाल्या, "मलाही सामानासकट असंच आणून टाकलं होतं. जुन्या जागेकडं मी कधी फिरकलेच नाही. आज वाटतं, एकदा जाऊन बघायला हवं होतं. तुला जायचं असेल तर मी टेम्पोत तुझ्याशेजारी बसते."

आम्ही गेलो. एका बाजूला निळा नळ, दुसऱ्या बाजूला भिंत, मधून सपाट वाट. खरं सांगतो, सायकल छान पळते तिथं. ताई पहिल्यांदा चालतच आली, हातात सायकल धरून. एका पिंपळापाशी थांबली. म्हणाली, "इथं नळकोंडाळं होतं. एवढा मोठा नळ शेजारी, आणि आम्ही हंडे घेऊन रांगेत." मग सीटवर बसली आणि पुढं निघून गेली. आम्ही मागं राहिलो, मुद्दाम.

तेव्हापासून आमच्यात एक प्रश्न नेहमी निघतो, आणि तुम्हीही तो विचारावा असं वाटतं. तुमच्याकडं टेकड्या मोकळ्या आहेत. मुलींना शाळेला जायला, तुम्हाला बाजाराला जायला सायकलवाट करायचं मनात आलं, तर आधी जागा कोणाची ते बघा. गायरान असेल, वनखात्याची असेल, कोणाची वहिवाट असेल. ग्रामसभेत विषय मांडा आणि जिचं कुंपण किंवा गोठा आड येतो तिला सगळ्यांत आधी बोलवा. मोठ्या शहरांतही हे चुकतं. पवई तलावाच्या काठानं सायकलीची वाट करायला घेतली होती, ती पाणथळ जागेत येते म्हणून 2022 साली उच्च न्यायालयानं बेकायदा ठरवली आणि केलेलं काम काढून टाकायला लावलं.

वाट आखताना सरळ टेकडीच्या उताराला धरून खाली आणू नका, पहिल्याच पावसात तिचा ओढा होतो. समतल चर खणताना जशी रेषा धरता तशी आडवी, हळूहळू चढणारी धरा आणि वाटेला दरीच्या बाजूला किंचित कल द्या, म्हणजे पाणी वाटेवरून न वाहता आडवं निघून जातं. हे काम तुम्ही आमच्यापेक्षा जास्त केलेलं आहे.

दोन सायकलींचं कर्ज फिटत आलंय. तिसरी घ्यायचा ठराव मागच्या बैठकीत झाला, सूचक माहुलची ताई. खालांनी सही केली आणि विचारलं, मागं बसायला कॅरिअर असलेली मिळते का?