मराठी दाखवणारं कार्ड
(रेडिओवरील भाषण)



म्हसावद काय, शहादा काय, जुन्या शाळेच्या किंवा पतपेढीच्या मागच्या खोलीत एखादं पिवळट पडलेलं कॅबिनेट धूळ खात असतं. भंगारवाला ते किलोवर नेतो. त्याआधी त्यातलं एक कार्ड काढून बघा, एवढंच आज सांगायचं आहे. दुरुस्तीवाले त्याला डिस्प्ले कार्ड म्हणतात, आताची मुलं ग्राफिक्स कार्ड म्हणतात.

ओळख खाचेपासून सुरू करावी. मदरबोर्डवरची लांब काळी खाच आयएसएची, ती जुनी. पांढरी आखूड पीसीआयची. तपकिरी, थोडी आत सरकलेली असेल ती एजीपीची. ही १९९७ च्या सुमारास आली. मॉनिटरची वायर जिथे लागते तिथे नऊ भोकं असतील तर कार्ड बहुधा व्हीजीएच्या आधीच्या घराण्यातलं, पंधरा असतील तर व्हीजीए किंवा नंतरचं. व्हीजीए आलं १९८७ साली. मग चिपवरचे आकडे वाचा. ९७३२ असा चार आकडी शिक्का बहुतेक वेळा १९९७ चा बत्तिसावा आठवडा सांगतो. वरच्या स्टिकरवर मात्र फार भरवसा नको, ते पुष्कळदा विकणाऱ्या दुकानाचं असतं. कॉम्प्युटर सुरू होताना पडद्यावर अगदी पहिली ओळ उमटते आणि झटकन जाते, तिथे बहुतेक जुनी कार्डं आपलं नाव स्वतःच सांगतात.

किमतीचं गणित विचित्र आहे. एस-थ्री ट्रायो किंवा सिस ६३२६ ही कार्डं त्या काळी इतकी खपली की आज त्यांना फारसं कोणी विचारत नाही. उलट थ्रीडीएफएक्स कंपनीचं १९९६ चं व्हूडू दिसलं तर थांबा. हे कार्ड एकटं चालत नाही. नेहमीच्या कार्डाची वायर त्याच्यातून पुढे मॉनिटरला जाते, म्हणून त्याला दोन सॉकेटं असतात. एकटं लावलं की डिस्प्ले येत नाही, आणि धडधाकट कार्ड ‘गेलेलं’ ठरून भंगारात पडतं. याच कंपनीचं व्हूडू फाइव्ह ६००० बाजारात यायच्या आतच कंपनी बुडाली. त्याचा एक नमुना २०२३ साली १५,००० डॉलरला विकला गेला. असे आकडे ऐकून हुरळू नये. विकणाऱ्याने मागितलेली किंमत ही किंमत नव्हे, घेणाऱ्याने मोजलेली ती खरी. खोका, ड्रायव्हरची डिस्क आणि पुस्तिका सोबत असेल तर भाव चढतो. फुगलेले कपॅसिटर आणि गंजलेली पट्टी दिसली की उतरतो.

पण माझ्या मते आपल्याकडच्या संग्राहकाने व्हूडूच्या मागे धावण्यात फारसा अर्थ नाही. आपल्याला शोधायचं ते वेगळंच कार्ड आहे.

१९८१ साली आयबीएमचा पीसी आला, तेव्हा त्याच्या मोनोक्रोम कार्डात २५६ अक्षरं चिपमध्येच कोरलेली होती. त्याबाहेरचं काही दिसणार नाही. व्हॅन सुवन्नुकुल या थायलंडच्या विद्यार्थ्याला आपली लिपी पडद्यावर हवी होती, त्या खटपटीतून १९८२ चं हर्क्युलिस कार्ड निघालं. ठिपक्या-ठिपक्याने चित्र काढणारं, ७२० गुणिले ३४८ ठिपक्यांचं. म्हणजे खेळांच्या कितीतरी आधी या कार्डांना लिपीची निकड होती. आणि आपली निकड मोठीच. काना, मात्रा, वेलांटी, रफार, जोडाक्षरं: ‘राष्ट्र’ हा शब्द २५६ ठोकळ्यांत बसवून दाखवा!

आयआयटी कानपूरमध्ये यावर काम सुरू झालं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये ते जिस्ट कार्ड म्हणून तयार झालं. जिस्ट म्हणजे ग्राफिक्स अँड इंटेलिजन्स बेस्ड स्क्रिप्ट टेक्नॉलॉजी. हे कार्ड पीसीत बसवलं की इंग्रजीसाठी लिहिलेल्या डीबेस, लोटस, वर्डस्टार या प्रोग्रामांत मराठी टाइप करता येई, आणि प्रोग्रामला पत्ताही लागत नसे. तीच नावं कळ दाबून गुजरातीत किंवा तमिळमध्ये बघता येत. त्यामागची अक्षरसंकेतांची पद्धत १९९१ साली इस्की या नावाने भारतीय मानक झाली. नंतर विंडोज आलं, फॉन्ट आले, युनिकोड आलं, आणि या कार्डाचं काम संपलं.

परदेशी किंमतसूचीत याचा भाव शोधू नका. हिरव्या पाटीवर सी-डॅकचं नाव किंवा जिस्ट ही अक्षरं दिसली, तर तिथेच भंगारवाल्याशी दोन शब्द बोला. सोबतची फ्लॉपी आणि मराठी अक्षरांची स्टिकरं लावलेला कीबोर्ड मिळाला तर तोही घ्या, कारण फ्लॉपीशिवाय कार्ड नुसतं दाखवण्यापुरतं. सोनेरी पट्टी खोडरबरने हलके पुसा, पाण्याने धुऊ नका. जुनं एजीपी कार्ड मात्र नव्या बोर्डात दामटू नका, ३.३ व्होल्टचं कार्ड आणि १.५ व्होल्टचा बोर्ड यांच्या खाचा वेगळ्या आहेत, त्या मुद्दामच.

सरकारी कार्यालयातून किंवा शाळेतून वस्तू घ्यायची, तर तिचं रीतसर निर्लेखन झालेलं असावं. आणि तिथल्या बाईंना किंवा सरांना विनंती करून डेडस्टॉक रजिस्टरमधल्या त्या पानाची झेरॉक्स मागून घ्या. खरेदीची तारीख, पुरवठादार आणि तेव्हाची किंमत बहुधा त्याच एका ओळीत सापडते.