शिपायाची दुसरी नोकरी



अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत, तिकडे घाटकोपर-मुलुंडकडेही, आपल्या सोसायट्यांच्या फाटकाशी कित्येकदा एखादा माजी सैनिक उभा असतो. त्याला आपण वॉचमन म्हणून हाक मारतो. त्याआधीची पंधरा-सतरा वर्षे त्याने काय केले, हे विचारण्याची आम्हां उपनगरवासीयांना सवय नाही. एखादा बिनतारी यंत्रे दुरुस्त करीत असेल, एखादा कोठारातल्या हजारो सुट्या भागांचा हिशेब ठेवीत असेल. (आपल्या कांदिवलीलाच लष्कराचे ऑर्डनन्स कोठार आहे, तेव्हा या कामाची कल्पना निदान आपल्याला तरी असावयास हवी!)

सैन्याला तरुण माणसे हवीत, म्हणून जवान पस्तिशी-चाळिशीतच घरी येतो. पेन्शन मिळते, पण मुलांची शिक्षणे आणि घरभाडे नेमके त्याच वयात अंगावर येते.

सरकारने काही केले नाही असे नव्हे. केंद्राच्या क वर्गात माजी सैनिकांसाठी 10 टक्के जागा आहेत, महाराष्ट्रात 15 टक्के. वयातून लष्करी सेवेचा काळ आणि वर 3 वर्षे वजा होतात. 15 वर्षे सेवा झालेला मॅट्रिक जवान पदवी मागणाऱ्या काही जागांनाही चालतो. तरी राखीव जागा रिकाम्या राहतात. कारण परीक्षा द्यावीच लागते, आणि सीमेवरच्या ठाण्यात बसून अंकगणिताची उजळणी करणे सोपे नाही. शिवाय लष्करी दाखल्यावरचे हुद्दे आणि कामे आपल्या कचेऱ्यांतल्या साहेबांना उमगत नाहीत. हवालदार म्हटला की त्यांना फाटकच आठवते.

ज्याचे शिक्षण बाहेरच्यांना वाचता येते, त्याची वाट वेगळी होते. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर ते सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यातल्या गोरेगावी, दुष्काळी तलावाच्या सरकारी कामावर कॅशियर झाले. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत हे नमूद केले आहे. जातीचे चटके त्या कुटुंबाला तिथेही बसलेच. पण हिशेबाची वही हाती आली ती पलटणीतल्या विद्येमुळे.

आता 2022 सालच्या अग्निपथ योजनेने प्रश्न बदलला आहे. चार वर्षांनी चारांतला फार तर एक जवान कायम होतो. बाकीचे सुमारे 11 लाख 71 हजार रुपये घेऊन, पेन्शनशिवाय, पंचविशीच्या आतबाहेर परत येतात. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे 2026 च्या अखेरीपासून भरू लागतात. आपापल्या कारखान्यांत, बँकांत, इस्पितळांत माणसे नेमणारे जे कोणी या सभेत बसले असतील, त्यांच्याच मेजावर त्यांचे अर्ज येणार आहेत.